पोह्यांवरची पार्सली

नवा रायपुरहून सुटणारी संध्याकाळची बस नेहमीसारखी अर्धी रिकामी होती. तरी एक अनोळखी पोट्टा येऊन बसला तो नेमका पिंकीच्याच शेजारी. तिच्या मांडीवरचं मोगऱ्याचं रोप न्याहाळत म्हणाला, "मॅडम, आपके घर में मिट्टी है क्या?"

"मातीबिना रोप कुठं लावतात?" पिंकीच्या तोंडून मराठीच निघालं.

"अरे... मराठी," तो खुलला.

नाव प्रशिक. हॉटेलात स्वयंपाकी, रायपुरातल्या तात्यापारा वस्तीच्या पलीकडे वरच्या मजल्यावर भाड्याची खोली. खिशात पार्सलीचं, म्हणजे कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या विलायती पानाचं बी, पण पेरायला वीतभर माती नाही. मग थंडीच्या तोंडावर ते बी पिंकीच्या अंगणात पडलं, आणि प्रशिक रोज सकाळी वाफा बघायला येऊ लागला. पाणी शिंपडायचा वाफ्यावर, बघायचा पिंकीकडे. तिने पकडलं की कान लाल.

"काहून उगवून नाही राहिलं हे?"

"वेळ लागते त्याले," तो म्हणायचा.

एका सकाळी इवली पानं वर आलीच. पिंकीच्या मात्र मनात आलं, आता हा पानं खुडून नेणार, मग कशाला येतोय इकडे? तिने वाफ्यावर टोपली पालथी घातली. "थंडी लागते म्हणून झाकलं," त्याला सांगितलं, "अजून काही उगवलं नाही." तो गेला की टोपली काढायची. पार्सली मस्त फोफावली.

तिच्या आईला, सत्यभामाबाईंना, या भानगडीचा पत्ताच नव्हता. रविवारी आईने प्रशिकला पोहे दिले, वर अंगणातली 'कोथिंबीर' भुरभुरून. पहिल्याच घासाला तो थांबला. पिंकीने नजर खाली घातली.

"बेचव निघाली का बाबू?"

"नाही काकू, छान आहे."

आई आत गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "केव्हाची उगवली?"

"...बरेच दिवस झाले. सांगितलं असतं, तर तुम्ही येणं बंद केलं असतं."

प्रशिकने प्लेट खाली ठेवली. "मीही एक लपवलं. हे बी कोमट पाण्यात भिजवून पेरलं का लवकर उगवते. मले माहीत होतं."

"मग काहून नाही सांगितलं?"

"लवकर उगवलं असतं तर रोज कशाले आलो असतो — तू आवडते मले, पिंकी."

आतून आई विचारत होती, आणखी कोथिंबीर टाकू का. पिंकीला हसू आवरेना.

"उरलेलं बी आजच भिजत घालते," ती म्हणाली. "आता उशीर काहून करायचा?"