टाकीतली लाल साय

डॉक्टर उर्मिला केळुसकर गुरुवारी सकाळी दवाखान्यापाशी पोहोचल्या, तेव्हा ममता तेंडोलकर पायरीवर बसली होती. पायात चप्पल नव्हती.

"बाबा उठत नाहीत," ती म्हणाली. "चार दिवस तुमची वाट बघत होते. दवाखान्याला आपलं कुलूप."

उर्मिला रत्नागिरीला भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. कंपाउंडरलाही त्यांनी सुट्टी दिली होती. आदल्या रात्रीच त्या मीरा रोडला परतल्या होत्या. कुलूप न उघडताच त्या ममताच्या मागे निघाल्या.

गुणवंत तेंडोलकर हॉलमध्ये जमिनीवर पडले होते. अंग गार. जबडा आवळलेला. ओठाच्या कडेला सुकलेलं रक्त. उर्मिलांनी बोटाने ओठ बाजूला केला. जीभ दाताखाली चिरडली होती.

मुलगा नीरज, ममताचा नवरा, खिडकीशी उभा होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा.

"उलट्या होत होत्या, मॅडम. टँकरच्या पाण्याने सगळीकडे गॅस्ट्रो आहे ना. पहाटे हार्ट गेलं. तुम्ही सर्टिफिकेट दिलंत तर दुपारपर्यंत उरकता येईल."

"आणखी काय होत होतं?"

उत्तर ममताने दिलं. "हात थरथरायचे. कप धरता येत नव्हता. छाती धडधडते म्हणायचे. पहाटे झटका आला, सगळं अंग ताठ झालं."

उर्मिला उठल्या. समोर गुणवंतांची काचेची टाकी होती. बोटीवर इंजिनीअर म्हणून जन्म काढलेल्या त्या माणसाने निवृत्तीनंतर घरात समुद्र आणला होता. उत्तनच्या किनाऱ्यावरून कॅन भरभरून पाणी आणायचं, त्यात दगड, पोवळी, दोन पट्ट्यापट्ट्यांचे मासे. आता मात्र दगडांवर, वाळूवर, काचेच्या कडांवर गडद लाल, बुळबुळीत साय चढली होती. तिच्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकले होते. एक पोवळं तिच्याखाली जवळजवळ दिसेनासं झालं होतं.

या सायीबद्दल गुणवंत दवाखान्यात तासभर बोलायचे. "हे शेवाळ नव्हे, डॉक्टर, जिवाणू आहेत. म्हणून परदेशात लोक पाण्यात तुमचं एरिथ्रोमायसिन टाकतात. दोन-तीन दिवसांत सगळं साफ. मी नाही टाकणार. त्यात चांगले जीवही मरतात. मी आपला दर रविवारी नळीने ओढून काढतो."

"मी सर्टिफिकेट देणार नाही," उर्मिला म्हणाल्या. "पोलिसांना कळवावं लागेल."

नीरजचा चेहरा हलला नाही. "कशाला, मॅडम? म्हातारा माणूस. दमेकरी."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

शवविच्छेदनात हृदय ठणठणीत निघालं. आतड्यात गॅस्ट्रोची खूण नव्हती. व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, तपासणीला गेला, पण अहवाल कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं. सब-इन्स्पेक्टर ईश्वर घरत दवाखान्यात येऊन बसले. इथलेच, मुर्ध्याचे. कमी बोलणारा माणूस.

"विष?"

"लक्षणं त्यांच्या रोजच्या दम्याच्या गोळीची आहेत. ती रक्तात जास्त साठली की उलट्या, थरथर, धडधड, शेवटी झटके."

"म्हणजे जास्त गोळ्या दिल्या."

"नाही. मी बघितलं. नेहमीइतक्याच संपल्यात."

"मग?"

"दुसरं एक औषध सोबत पोटात गेलं, तरी तीच गोळी साठत जाते. स्टेशनजवळच्या केमिस्टला एक विचारा. गेल्या आठवड्यात तेंडोलकरांकडे एरिथ्रोमायसिन गेलं का?"

केमिस्टला आठवत होतं. "हां साहब, भाभीजी ले गईं. बोलीं, मछली की टंकी के लिए."

घरतांनी ममताला दवाखान्यातच बोलावलं. उर्मिला शेजारी बसल्या.

"गोळ्या तू आणल्यास?"

"हो. ह्यांनी सांगितलं, टाकीसाठी आण. आणून ह्यांच्या हातात दिल्या."

"सासऱ्यांना औषध कोण द्यायचं?"

"मीच. दम्याची गोळी. आणि ती खोकल्याची पुडी, दवाखान्यातली. हे घेऊन आले होते, कंपाउंडरने घरून दिली म्हणाले."

उर्मिलांनी मान वर केली.

"पुडी कुठंय?"

"संपली. कागद कचऱ्यात गेला."

ती गेल्यावर घरत म्हणाले, "आणल्या हिने, दिल्या हिने. सगळं हिच्यावरच येतंय, डॉक्टर."

"येतंय खरं. पण हिने का मारावं? हिच्या बाजूने त्या घरात एकच माणूस उभा होता." उर्मिला थांबल्या. "महिन्यापूर्वी सासरेच हिला घेऊन आले होते. हात भाजला होता. स्टोव्हवर पडले, असं ती म्हणाली. गुणवंतरावांनी तिला बाहेर बसवलं आणि मला सांगितलं, माझ्या मुलाने तिचा हात धरून ठेवला होता. पुन्हा असं झालं तर मी स्वतः चौकीत जाऊन लिहून देईन. त्यालाही तसं बजावलंय."

त्या संध्याकाळी दोघं तेंडोलकरांकडे गेले. नीरजने खुर्च्या पुढे केल्या.

"केमिस्टकडच्या गोळ्यांचं काय केलंत?" घरतांनी विचारलं.

"टाकीत टाकल्या, साहेब. रविवारी. मी स्वतः विरघळवून टाकल्या, सगळ्या. बाबांनीच सांगितलं होतं, ते लाल जाण्यासाठी."

"एकही उरली नाही?"

"एकही नाही. बाबांचं औषधपाणी मात्र हीच बघायची. मी दिवसभर ऑफिसात."

ममता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदर हातावरून खाली ओढला.

उर्मिला टाकीसमोर वाकल्या होत्या. "यातलं थोडं पाणी मी घेऊन जाऊ का?"

"खुशाल घ्या," नीरज म्हणाला.

त्यानंतरचे दिवस घरत अस्वस्थ होते. वरून विचारणा होत होती. सुनेला अटक का नाही? उर्मिला एवढंच म्हणत, "थोडं थांबा."

मग एका दुपारी त्या पिशवी घेऊन तेंडोलकरांच्या घरी आल्या. घरत आधीच आले होते. नीरज सुतकामुळे घरीच होता. उर्मिलांनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या.

"दोन्हींत तुमच्याच टाकीतलं पाणी आहे, तीच लाल साय. दोन्ही एकाच खिडकीत ठेवल्या होत्या. या एकीत मी एरिथ्रोमायसिन टाकलं."

एका बाटलीत लाल थर काचेला चिकटून होता. दुसरीत तळाशी करड्या चिंध्या पडल्या होत्या. वरचं पाणी नितळ होतं.

"आता टाकीकडे बघा," त्या म्हणाल्या.

टाकीत एकही मोकळा दगड दिसत नव्हता. लाल सायीच्या पदरांनी सगळं झाकलं होतं.

"रविवारी सगळ्या गोळ्या या पाण्यात पडल्या असत्या, तर मी मयत बघायला आले त्या सकाळीच हे मरायला लागलं असतं. या पाण्यात एक गोळीसुद्धा पडलेली नाही, नीरज. मग त्या गेल्या कुठे?"

नीरजने टाकीवरून नजर काढली.

"बाबांना थोडा खोकला होता. तुम्ही पुडी आणलीत, दवाखान्यातली म्हणून. त्या दिवसांत मी रत्नागिरीला, कंपाउंडर सुट्टीवर, दाराला कुलूप. मग पुडी बांधली कुणी? माझ्याकडच्या सुट्या गोळ्या नेहमी कागदातच जातात, म्हणून ममताला शंका आली नाही. बाबांनाही नाही. ही गोळी पोटात गेली की दम्याची गोळी शरीरातून बाहेर पडत नाही, साठत जाते. डोस रोजचाच, पण रक्तात त्याचं विष. उलट्यांना गॅस्ट्रो म्हणता आलं. मी गावात नव्हते, तोच मुहूर्त तुम्ही धरलात. बाबांनी चौकीत जायच्या आत."

"दोन गोळ्या एकमेकींना चालत नाहीत, हे मला कसं कळणार?" नीरज म्हणाला. "मी काय डॉक्टर आहे?"

"गेल्या पावसाळ्यात बाबांचा घसा सुजला, तेव्हा तुम्ही म्हणालात, एरिथ्रोमायसिन द्या, आमच्या ऑफिसात सगळ्यांना त्यानेच बरं वाटतं. तेव्हा मी तुम्हाला समोर बसवून सांगितलं होतं."

टाकीचा पंप घरघरत होता.

"सांगितलं होतं," नीरज म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव विचारल्यासारखा. "म्हणालात, यांच्या जिवावर बेतेल. तुम्ही बोलला नसता, तर मला सुचलंही नसतं."

रोज कितीतरी घरांना उर्मिला अशाच काळजीने बजावत असत, हे देऊ नका, ते देऊ नका.

घरतांनी नीरजच्या खांद्यावर हात ठेवला. तो मुकाट्याने उठला. दाराशी त्याने ममताकडे पाहिलं, सवयीने, दटावल्यासारखं. तिने नजर खाली घेतली नाही.

"साहेब," ती म्हणाली, "बाबा जे लिहून देणार होते, ते मी देते. कुठं यायचं?"

"उद्या आलीस तरी चालेल," घरत म्हणाले.

"नको. आजच."

ती आत गेली, पायात चप्पल घालून आली आणि उर्मिलांच्या शेजारी उभी राहिली.