हाताला हात

मी फिजिओथेरपिस्ट. नवससायास करणाऱ्यांना तोंडावर खडसावणारी बाई. म्हणून हे सांगताना मला माझीच चीड येतेय.

इंदूरला परदेशीपुऱ्यात माझं माहेर. बाबांचे स्नायू दिवसेंदिवस गळत चाललेले. डॉक्टरांनी हात टेकले होते. हॉस्पिटलातली मोठी मशीन घरी कुठून आणणार? मी ऑनलाइन एक स्वस्तातलं ग्रिप मीटर मागवलं. मुठीत धरून दाबायचं, पडद्यावर ताकदीचा आकडा येतो. दर रविवारी पोहे-जिलबी झाली की बाबा दाबायचे, आणि आकडा आणखी खाली गेलेला असायचा.

एका रविवारी आई शेजारी बसली. बाबा दाबू लागले तशी तिने त्यांच्या कोपराला बोटं लावली. पूजेत नवऱ्याच्या हाताला बायको लावते ना, तशी.

“आई, टेस्टमध्ये हात नाही लावायचा!”

“अगं, सवय. अर्धं पुण्य मिळतं.”

आकडा वर चढला होता.

“क्या बात है!” बाबा म्हणाले. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मीटर बिघडलं असेल म्हणून मी स्वतः दाबून पाहिलं. बरोबर होतं. मग आई दर वेळी हात लावू लागली. बाबा शर्टाची बटणं लावू लागले, बरणीची झाकणं उघडू लागले.

आईच्या हातून चहाचं पातेलं पडलं. मग पोळपाटावर लाटणं फिरेना. मी तिच्या मुठीत मीटर दिलं. तिने ओठ चावून दाबलं. शून्य. रिपोर्ट काढले, सगळे नॉर्मल.

मी आईला आतल्या खोलीत बसवलं आणि बाबांची एकट्याची टेस्ट घेतली. आकडा कोसळला. संध्याकाळी त्यांना श्वास पुरेना. आई भिंत धरत बाहेर आली.

“लावू दे गं मला. जातील ते.”

“आणि तू?”

“माझं झालं सगळं. फिकर नको करू.”

तिने हात लावला. बाबांचा श्वास सुरळीत झाला. आई मात्र आता पलंगावरून उठत नाही. मानही वळवता येत नाही तिला, नुसते डोळे फिरतात.

काल बाबांना पुन्हा धाप लागली. आई पलंगावरून त्यांच्याकडे बघत होती, बोटं उचलायला धडपडत होती. मला बघवेना. मी बाबांची खुर्ची तिच्यापासून दूर ओढली आणि त्यांच्या शेजारी स्वतः बसले.

बाबांनी कोपर माझ्याकडे सरकवलं.

मी बोटं लावली.

“शाबास,” ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

आज सकाळी माझ्या लेकीची, आर्याची, शाळेसाठी वेणी घालत होते. पेड बोटांतून सुटत होते.

“मम्मा, घट्ट बांध ना!”

“बांधतेय गं.”

ती वैतागली. मागे हात नेऊन तिने माझ्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

वेणी घट्ट बसली.