स्लिमानशेजारची जागा

"गावच्या कबरस्तानात बाबांच्या शेजारची जागा तुझ्यासाठी राखायला सांगितलीय, आई," रविवारच्या कुस्कुसवर रस्सा ओतता ओतता मेझियान म्हणाला, आणि वर्दियाचा घास हातातच राहिला... आजारानं पोखरली असली तरी ती अजून जिवंत होती, त्याच टेबलाशी बसली होती! पण मुलाचं तरी काय चुकलं? फ्रान्समधल्या रूबेच्या कापडगिरणीत जन्म घालवून तिचा नवरा स्लिमान मरेपर्यंत एकच सांगत आला, इथे आपण पाहुणे. मेल्यावर तरी घरी जायचं.

समोर बसलेल्या लेकीनं, ताऊसनं, ताट सरकवलं. बापाची शवपेटी विमानानं अल्जीरियाला गेली तेव्हा भाऊ सोबत गेला. दफनाला बाईमाणसाचं काम नाही म्हणून तिला विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. तसं सांगणारी वर्दियाच होती. तेव्हापासून लेक आईशी कामापुरतंच बोलत असे.

"बाबांना पार्सल केलंत, आता हिलाही करा," ताऊस म्हणाली. "मी इथं जन्मले. इथले विचारतात, मूळची कुठली? गावातले विचारतात, परत कधी जाणार? रडायला तरी मला एक जागा ठेवा."

मेझियान भडकला, गावाला शब्द दिलाय म्हणाला. वर्दियाच्या एकीकडे जन्माचा सोबती, दुसरीकडे पोटचा गोळा... इकडे आड, तिकडे विहीर! तिकडे स्लिमान आपली वाट पाहत असेल.

दोन दिवसांनी तिनं लेकीला बोलावलं आणि तिचा हात धरून शहराच्या दफनभूमीत नेलं. मुसलमानांच्या कोपऱ्यात एका मोकळ्या जागेपाशी ती धापा टाकत थांबली. मेझियानला तिनं सकाळीच सांगितलं होतं. तो आधी ओरडला, मग फोनवर लहान मुलासारखा रडला.

"तुझ्या घरापासून इथं बस येते ना गं?"

ताऊसला क्षणभर काही कळेना. मग कळलं.

"आई... बाबा एकटे पडतील."

"तिथं त्यांचे आईबाप आहेत, भाऊ आहेत," वर्दिया म्हणाली. "तुला इथं कोण आहे? उद्या कुणी विचारलं ना, मूळची कुठली, तर इकडे बोट दाखव. पाहुण्यांच्या आया इथं पुरलेल्या नसतात, पोरी."

ताऊसनं आईला घट्ट कवटाळलं.

"येते," ती शेवटी म्हणाली. "बस येते, आई... अगदी माझ्या दारातून."