कोपरा गुण्यात नाही!

"सुट्टीत आईच्या कामावर जायचं आणि मोठ्या हॉलमध्ये लपाछपी खेळायची!" असा झकास बेत होता. पण ताई, बारक्या आणि त्यांचा दोस्त शंकासुर दारात पोचले, तर आत मुकादम कडाडत होता.

"बाई, सगळी फरशी वाकडी! संध्याकाळपर्यंत उखडा. उद्यापासून पुन्हा सिमेंट कालवायला!"

ताई-बारक्याच्या आईनं नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी सिमेंट कालवलं होतं. ही तिच्या हातची पहिली फरशी! पण उजव्या भिंतीशी फट पडली होती. दाराकडे काहीच नाही, पलीकडच्या टोकाला मात्र चांगली एक फरशी रुंद. डाव्या भिंतीशी उलट फरशा कापून बसवाव्या लागल्या होत्या.

"भिंतच तिरकी असेल," आई चाचरत म्हणाली. "कोपरा गुण्यात वाटत नव्हता." गुण्या म्हणजे गवंड्यांचं काटकोन तपासायचं हत्यार.

"भिंत मी बांधून घेतलीय!"

"मोजूया!" शंकासुर कुजबुजला. तिघांनी भिंतीकडेनं टेप धरली. फरशी बरोबर एक फुटाची, म्हणजे जेवढे फूट तेवढ्या फरशा.

"समोरासमोरच्या भिंती अगदी सारख्या!" बारक्या आनंदानं ओरडला. "चोवीस-चोवीस फरशा! अठरा-अठरा!"

"ऐकलंत? तुमचीच पोरं सांगतायत, खोली चोख आयत आहे!" मुकादम हसला. मग सगळे कामगार हसले.

आईनं छिन्नी उचलली. "माझाच हात चुकला," ती पुटपुटली. पहिली फरशी तडकली तेव्हा ताई भिंतीशी जाऊन बसली. मदत करायला गेले आणि आईलाच तोंडघशी पाडलं!

"मला बोलायचीच हौस," बारक्या रडू लागला.

शंकासुर मात्र डोकं खाजवत होता. "कागदी खोका दाबला, तर बाजू तेवढ्याच राहतात. पण तो तिरपा होतोच ना?"

"कर्ण!" ताई ताडकन उठली. "आयताचे कर्ण सारखे असतात. ते कुठे मोजलेत आपण?"

पण हॉलच्या मधोमध वाळूचा ढीग. टेप सरळ जाईना. तिकडे छिन्नीचे घाव चालूच.

"आई, थांब!" आई थांबली नाही.

"फरशा म्हणजेच आलेखाचा कागद!" ताई म्हणाली. "दाराकडचा डावा कोपरा शून्य, शून्य. उजवा चोवीस, शून्य."

बारक्या डोळे पुसत पलीकडे धावला. "इकडचा डावा एक, अठरा! उजवा पंचवीस, अठरा!"

ताईनं विटेच्या तुकड्यानं भिंतीवरच गणित मांडलं. एका कर्णासाठी पंचवीस आणि अठराचे वर्ग मिळवून वर्गमूळ. दुसऱ्यासाठी चोवीसातून एक वजा, म्हणजे तेवीस, आणि अठराचे. "एक जवळजवळ एकतीस, दुसरा एकोणतीसच्या जरासा वर! हा आयत नाहीच!"

"फरशाच वाकड्या, तर तुझी मोजणी कसली?" मुकादम गुरगुरला.

"मग वाळू हटवा आणि दोरी लावा!"

वाळू हटली. एका कर्णाएवढी तोडलेली दोरी दुसऱ्यावर धरली, तर दीड फरशी कमी पडली. कोणी हसलं नाही. आईच्या मात्र तीन ओळी फुटून गेल्या होत्या.

"शाब्बास, पोरांनो! भलतीच हुशार!" मुकादमानं बारक्याची पाठ थोपटली. मग आईजवळ वाकून तो हळूच म्हणाला, "बाई, भिंत माझी चुकली."

आईनं छिन्नी खाली ठेवली.

"मघाशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललात, साहेब," ती म्हणाली. "आताही तसंच बोला."