नऊ नंबरचा पिंजरा

हे माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत घडलंय. यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. अशा गोष्टींना अंधार लागतो असं लोकांना वाटतं. हे घडलं मंगळवारी, दुपारी तीन वाजता, लख्ख उन्हात.

वहिनी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

तिच्यामागे घरात दोघंच उरले. दादा आणि पाहुणी.

पाहुणी म्हणजे वहिनीची कुत्री. दोन दिवसांसाठी म्हणून घरात घेतली आणि सात वर्षं राहिली, म्हणून हे नाव. दादा गमतीने म्हणायचा, या घरात खरा पाहुणा मीच आहे.

वहिनी गेल्यावर पाहुणी रोज संध्याकाळी दाराशी जाऊन बसायची. बाहेर जरा खुट्ट झालं की उठायची. कोणी आलं नाही की वळून दादाकडे बघायची.

ते बघणं दादाला सोसेना.

शेवटी एका शुक्रवारी त्याने तिला गाडीत घातलं आणि शहराच्या टोकाला असलेल्या प्राण्यांच्या शेल्टरमध्ये नेलं. बायकोची कुत्री सोडायला आलोय, हे सांगायची त्याला लाज वाटली. रस्त्यात सापडली म्हणाला.

"कोणाची आहे?" तिथल्या ताईंनी विचारलं.

"कोणाचीच नाही."

पाहुणीला नऊ नंबरच्या पिंजऱ्यात ठेवलं. दादा घरी आला.

चार दिवस त्याने कसेबसे काढले. मग तो पुन्हा तिथे गेला, मदतीला येतो असं सांगून.

शेल्टरमध्ये अन्न सोडलेल्या, घाबरलेल्या प्राण्यांजवळ बसायला माणसं लागतात. त्या बसण्याची एक रीत आहे. स्टूल घ्यायचं, पिंजऱ्याकडे पाठ करायची आणि अर्धा तास पेपर मोठ्याने वाचायचा. वळून बघायचं नाही. आपण बघितलं की प्राणी आणखी दबतो. नाही बघितलं तर आवाज ऐकत आपला आपण पुढे येतो.

नऊ नंबरनं आल्यापासून अन्नाला तोंड लावलेलं नाही, असं ताईंनी सांगितलं. अजून दोन दिवस असंच गेलं तर अवघड आहे, असं डॉक्टर म्हणाले होते.

पाहुणी भिंतीकडे तोंड करून पडली होती. दादाला बघून उठलीसुद्धा नाही. खाण्याचं भांडं दाराशी, भरलेलं, तसंच.

दादा पाठ करून बसला. वाचू लागला. बाजारभाव झाले, हवामान झालं.

दुपारी तिथली सगळी कुत्री पेंगतात. कुठे चिटपाखरू नव्हतं.

आणि मागे...

कट्.

दादा वाचायचा थांबला.

वहिनीचा उजवा गुडघा असा वाजायचा. खाली बसली की हमखास. दादा चिडवायचा, दाराला बेल कशाला हवी, तुझा गुडघा आहे की.

लोखंड तापलं की वाजतं, त्याने स्वतःला समजावलं. पुन्हा पेपर धरला.

मागे शेपटी आपटल्याचा आवाज... थप. थप. थप.

मग भांडं फरशीवरून सरकलं... आणि चपचप खाण्याचा आवाज आला.

दादाचे डोळे भरले. त्याला वाटलं, माझा आवाज ऐकून खाल्लं पोरीनं. त्याला राहवलं नाही. रीत मोडून तो वळला.

पाहुणी पुढे आलेलीच नव्हती.

ती मागच्या भिंतीशी उभी होती. भांडं आता तिथे होतं, रिकामं. तिने मान वर केली होती, डोळे मिटले होते. आणि कानामागचे तिचे केस... दबत होते. उठत होते. पुन्हा दबत होते.

पिंजऱ्याला बाहेरून कडी होती.

दादाने वहिनीला हाक मारली.

केस हलायचे थांबले.

दादा तडक ऑफिसात गेला आणि ताईंना सगळं खरं सांगून टाकलं. पिंजऱ्यात ऐकलं-पाहिलं तेवढं सोडून. ताई रागावल्या नाहीत, तेच त्याला जास्त लागलं. एकट्या पडलेल्या माणसांच्या घरी आम्ही प्राण्याचं खाणं पोचवतो, त्याला फिरवायला कोणीतरी पाठवतो, औषधपाणी बघतो, असं त्या म्हणाल्या. कोणाला असं सोडून जावं लागू नये, म्हणून तर हे सगळं.

"काका, नुसता एक फोन करायचा होतात."

पाहुणी त्याच दिवशी घरी आली. आता चांगली खाते, अंगानेही भरली आहे.

दादाला वाटलं होतं, हिच्यामागोमाग वहिनीही येईल. तो रोज दुपारी खोलीकडे पाठ करून बसतो. मोठ्याने पेपर वाचतो. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

घर गप्प असतं.

आणि तिकडे शेल्टरमध्ये... अन्न सोडलेलं कुठलंही कुत्रं, मांजर नऊ नंबरमध्ये ठेवलं की दुसऱ्या दिवसापासून खायला लागतं. ताई म्हणतात, त्या पिंजऱ्याचा गुण आहे. दादा त्यांना काही सांगत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्याकडे आला होता. म्हणाला, "परक्या कुत्र्यांजवळ जाऊन बसते. मग माझ्याकडे का नाही येत रे?"

माझी बायको गेली त्याला दोन वर्षं झाली. माझ्या घरात तर एकदाही काही वाजलेलं नाही.