घणाची उत्तरपूजा

परदेशी पोरांना ग्वाल्हेर दाखवायचं तर आधी पाणी, मग सावली, आणि इतिहास सगळ्यात शेवटी, हे सोनिका अनुभवानं शिकली होती. जूनमध्ये किल्ल्याचा दगड असा तापतो की बुटाच्या तळव्यातून चटका बसतो. दिल्लीची एक संस्था दर उन्हाळ्यात देशोदेशीची पोरं शिकायला आणायची, आणि ती ग्वाल्हेरला आली की त्यांना हिंडवायचं काम सोनिकाकडे असायचं. एक दिवस किल्ला, एक दिवस महाराज बाड्याचा चौक आणि गोरखीचा जुना वाडा. यंदा तिनं हौसेनं एक दिवस जुन्या कारखान्यांचा घातला होता.

मिनीबस चालवायला तिनं धाकट्या भावाला घेतलं होतं. संग्रामसिंहाचं डोकं वाईट नव्हतं, हात वाईट होता. टोलनाक्यावर एका माणसाशी शब्दाला शब्द लागला आणि यानं त्याचा जबडा फोडला. तुरुंगात राहून आता जामिनावर सुटला होता. जामीन सोनिका राहिली होती. पुन्हा कुणावर हात उगारला तर सरळ आत, असं न्यायाधीशांनी बजावलं होतं. तेव्हापासून तो माशीसुद्धा फुंकर मारून उडवायचा. दर्पण कॉलनीतल्या घरून निघताना आई, सुलोचनाबाई, रोज सोनिकाला म्हणायची, "गाडी त्याच्या हातात असू दे, तो तुझ्या हातात असू दे."

कारखाना जुन्या छोट्या लाइनीच्या रेल्वेरुळांपलीकडे होता. संस्थानच्या काळात तिथं तोफगाड्यांचे आस आणि तलवारींची पाती घडत. लोक त्याला घणखाना म्हणायचे. पत्रे उडालेले, भट्ट्यांत बाभळी उगवलेल्या. मधोमध वाफेवर चालणारा मोठा घण तेवढा शाबूत होता. दोन खांबांच्या मध्ये हत्तीच्या डोक्याएवढा लोखंडाचा ठोकळा वर अडकलेला, आणि खाली ऐरण. बॉयलर कधीच भंगारात गेला होता. घण जिथं थांबला तिथंच गंजून बसला होता. सोनिकानं पोरांना समजावलं, की घण सावकाश वर जायचा, वर गेल्यावर क्षणभर थांबायचा आणि मग पडायचा. त्या थांबण्याची कामगारांना फार भीती वाटायची.

पोरांना नुसतं लोखंड दाखवून भागत नाही, त्यांना काहीतरी करायला लागतं. म्हणून तिनं खंडेनवमीची शस्त्रपूजा करून दाखवायची ठरवली होती. दख्खनहून फौजेबरोबर आलेली घरं अजून घरातली तलवार पुजतात, आणि इथले कामगार त्या दिवशी घण पुजायचे. गोरखीजवळ राहणारे, बँकेत नोकरी करून पूजा सांगणारे गुरुप्रसाद तिनं बोलावले होते. ते सोवळं घेऊन वेळेवर आले. आवाहन झालं, गंध, फूल, अक्षता झाल्या. पोरांनी रांगेनं उजव्या हातानं ऐरणीला कुंकू लावलं; सोनिका रांग लावण्यात होती, तिचा हात लागला नाही. मारेक नावाचा पोलंडचा उंच मुलगा आणि पोर्तुगालची इनेस सगळ्यात पुढं होती. संग्रामसिंहाला राहवलं नाही. घरी करतो तसं त्यानं अंगठ्याला सुई टोचली, ऐरणीवर चढून वर हात घातला आणि घणाला रक्ताचा टिळा लावला. पोरांनी धडाधड फोटो काढले.

तोवर बस भट्टीसारखी तापली होती आणि एका मुलीला घेरी आली. सोनिकानं गुरुप्रसादांना आवरतं घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, उत्तरपूजा राहिली आहे, दोन पळी पाण्याचं काम.

"काका, हे नुसतं दाखवायला आहे," सोनिका म्हणाली. "दसरा थोडाच आहे आज?"

त्यांनी खांदे उडवले आणि ताम्हण पिशवीत घातलं.

जेवणासाठी बाड्याकडे जाताना बसमध्ये आवाज झाला. इनेसनं मारेकच्या तोंडात दिली होती. मारेक हसायला गेला तर त्याच्या दातांवर रक्त दिसलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती मारेककडे बघतही नव्हती, आपल्या हाताकडे बघत होती. उन्हानं माथं फिरलं असेल, असं म्हणून सोनिकानं तिला पुढं आपल्याजवळ बसवून घेतलं.

बाड्यावर काकडीवाल्याच्या गाडीशी मारेक उभा होता. काकडीवाला मीठ लावून फोड पुढं करत होता. मारेकचा उजवा हात वर गेला, सावकाश, कुणी दोरीनं ओढावा तसा. डोक्यावर जाऊन क्षणभर थांबला. काकडीवाल्यानं वर पाहिलंसुद्धा. मग हात खाली आला. काकडीवाल्याचं नाक मोडल्याचा आवाज सोनिकाला स्पष्ट ऐकू आला. तो पडला तरी हात पुन्हा वर चालला होता. मारेक दुसऱ्या हातानं त्याला धरत होता, आपल्या भाषेत काहीतरी विनवत होता, आणि ओढला जात होता.

लोक जमले. सोनिकानं हात जोडले, काकडीवाल्याला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं आणि मारेकला बसमध्ये कोंबलं. आत बघते तर सगळी पोरं आपापला उजवा हात मांडीखाली दाबून बसलेली.

तिनं गुरुप्रसादांना फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. ते बँकेत काउंटरवर बसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला काचेतून ठोसा मारला, काच फुटून मनगटापर्यंत कापलं, टाके घालणं चाललंय, असं ती रडत सांगत होती. आयुष्यात त्यांनी कधी मुलाच्या पाठीत धपाटा घातला नव्हता.

तिनं ड्रायव्हरच्या जागेकडे पाहिलं. संग्रामसिंह डाव्या हातानं स्टेअरिंग धरून बसला होता. उजवा हात त्यानं गमछानं सीटच्या दांड्याला बांधून टाकला होता. गमछा ताणला जाऊन दांडा करकरत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हाथ मेरा सुन नहीं रहा. मी काही करत नाहीये गं."

पोरांना हॉटेलवर सोडलं. एकमेकांचे हात टॉवेलांनी बांधून ती आपापल्या खोल्यांत गेली, आणि दारं आतून लागली. सोनिकानं आईला फोन करून सगळं सांगितलं.

"बोलावलंत, रक्त चाखवलंत," आई म्हणाली, "आणि जा म्हणालाच नाहीत? घरी आलेल्या सोयऱ्यालाही आपण असं दारात उभं ठेवत नाही. परत जा. आत्ताच्या आत्ता. आणि भावाला माणसांपासून लांब ठेव."

पण घणखान्याची वाट शहरातूनच जाते. रेल्वे फाटकापाशी गाड्या तुंबल्या होत्या. दांड्याला बांधलेल्या हाताचा ड्रायव्हर बघून ट्रॅफिकच्या शिपायानं काच वाजवली आणि दार उघडलं. गमछा फाटला.

हात वर गेला. शिपाई टोपीखालून बघत राहिला. सोनिकाला ते थांबणं दिसलं, आणि तेवढ्या वेळात ती दोघांच्या मध्ये घुसली.

घाव तिच्या तोंडावर बसला. पुढचा दात जिभेवर आला. ती पडली नाही, कारण पडली असती तर पुढचा घाव शिपायाला बसला असता. दुसरा घाव कानशिलावर आला. मग तिनं तो हात काखेत दाबून धरला आणि अंगाचं सगळं वजन त्यावर टाकलं.

"घर का मामला है?" शिपायानं विचारलं.

"हां," सोनिका म्हणाली. हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. "भाई है मेरा."

शिपायानं मान हलवली आणि गाडी जाऊ दिली. संग्रामसिंह लहान मुलासारखा रडत होता. जामीन वाचला होता, एवढंच सोनिकाच्या डोक्यात होतं.

घणखान्यात ऊन तिरपं झालं होतं. ऐरणीवरचं कुंकू ओलंच होतं. सोनिकानं बाटलीतलं पाणी, सकाळच्या सांडलेल्या अक्षता, जे हाताला लागलं ते गोळा केलं. फोनवर गुरुप्रसाद आले. टाके घालून झाले होते, आवाज जड होता. ते मंत्र सांगत गेले, ती फुटक्या ओठांनी म्हणत गेली.

"आता अक्षता टाका," ते म्हणाले, "आणि देव किंचित हलवा."

उत्तरपूजेत मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. तिला ते माहीत होतं. गणपतीचा पाट ती दरवर्षी हलवायची.

"काका, हा घण आहे. गंजून जाम झालाय."

"हलल्याशिवाय जात नाही, ताई. केसभर का होईना."

तिनं खांबाला खांदा लावला. तिथंच पडलेल्या पहारीनं घणाला रेटलं. गंजाचे पोपडे डोळ्यांत पडले. तो तसूभर हलला नाही.

मागे संग्रामसिंहाचं रडणं थांबलं होतं.

"तो हलेल," तो म्हणाला. "त्याला काहीतरी खाली लागतं, ताई. रिकाम्या ऐरणीवर कोण घाव घालतो?"

ती वळेपर्यंत त्यानं हात ऐरणीवर ठेवला होता. दिवसभरात पहिल्यांदाच तो हात निमूट पडून होता. तळवा वर, बोटं सैल.

तिनं त्याची कंबर धरली आणि ओढलं. तो हलला नाही.

वर लोखंड कण्हलं.

वाफ नव्हती. बॉयलर नव्हता. घण आधी थोडा वर गेला.

थांबला.

सोनिकानं किंकाळी फोडली ती तिला स्वतःला ऐकू आली नाही, कारण तेवढ्यात जमीन हादरली. छपरावरची सगळी कबुतरं एकदम उडाली. तिच्या चेहऱ्यावर ऊन ऊन काहीतरी उडालं.

फोन जमिनीवर पडला होता. त्यातून गुरुप्रसाद विचारत होते, "हलला का?"

"हलला," सोनिका म्हणाली.

"मग झालं. सुटलो आपण."

पोरांचे हात त्याच घटकेला सैल पडले. दुसऱ्या दिवशी पोरं आग्र्याला निघून गेली. निघण्याआधी मारेक काकडीवाल्याच्या घरी जाऊन पाया पडून आला. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. संग्रामसिंहाचे वकील दवाखान्यात येऊन गेले आणि जाताना दारात सोनिकाला हळूच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका, पण आता कोर्ट बघेल की ज्याला उजवा हातच नाही तो कुणावर उगारणार. सोनिकाला त्या दिवशी पहिल्यांदा घास गोड लागला.

संग्रामसिंहही निवांत होता. मनगटाच्या वर बांधलेलं बँडेज उशीवर ठेवून तो तासन्‌तास झोपायचा. शेजारच्या खाटेवर डबरा गावचा एक म्हातारा होता, पाय मोडलेला. दुपारची वेळ होती, भेटायला येणारे पांगले होते. सोनिका खिडकीशी सफरचंद कापत होती. फाडकन आवाज झाला आणि म्हातारा कळवळून जागा झाला. त्याची मान उशीवरून पलीकडे फेकली गेली होती.

नर्स धावत आली. म्हाताऱ्याच्या गालावर चार बोटं आणि अंगठा लाल उमटत होता. कडेनं कातडी फाटली होती. इथं आत्ता कोण होतं, कुणी मारलं यांना, असं नर्स विचारत होती. चौकीतल्या शिपायाला बोलवायला तिनं वॉर्डबॉयला पिटाळलं आणि कापूस घेऊन म्हाताऱ्यावर वाकली.

संग्रामसिंह गाढ झोपेत होता. चेहरा शांत, तोंड किंचित उघडं. बँडेज बांधलेला थोटा हात मात्र उशीवर नव्हता. तो नर्सच्या पाठीमागे सावकाश वर गेला होता, आणि थांबला होता.