काढून टाकलेला दिवा

बसा. मोबाइल खिशात ठेवा, आणि 'काका, हे खरंच झालं का' असं मध्येच विचारू नका. खरं नसतं तर या वयात मी घसा कोरडा केला नसता.

आमच्या गल्लीत एक लिफ्ट दुरुस्त करणारा राहतो. सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणतात. त्याची बायको डायलिसिसवर होती. आठवड्यातून तीनदा तिला अठरा किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात न्यायचं, म्हणून त्यानं जुनी गाडी घेतली. आधीचे दोन मालक होऊन गेलेले. दार आपटल्याशिवाय लागायचं नाही, पण इंजिन ठणठणीत. फक्त दुसऱ्याच आठवड्यात मीटरमध्ये तो पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असतं ना, तो.

लिफ्टवाला हादरला. त्याच्या कामात दिवा लागला की माणूस आत घ्यायचा नाही, पंचवीस वर्षं त्यानं हेच केलेलं. गॅरेजला तीन खेपा झाल्या. गॅरेजवाला मशीन लावून तपासायचा, बिघाड सापडायचा नाही, दिवा बंद करून द्यायचा. दोन दिवसांत पुन्हा हजर. याची नजर सतत मीटरवर. बायको वैतागली. "अहो, रस्त्याकडे बघा. मरायचंच असलं तर हॉस्पिटलात मरेन, झाडावर आपटून नको."

शेवटी गॅरेजवाल्यानं मीटर उघडून बल्बच काढला आणि याच्या हातावर ठेवला. "घ्या. आता झोपा निवांत." मी तिथंच होतो. आम्ही हसलोसुद्धा.

त्यानंतर दहा दिवसांनी. नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. सोमवारी हॉस्पिटलातलं मशीन बंद होतं म्हणून तिचं डायलिसिस चुकलेलं. रात्री पावणेबाराला तिला धाप लागली. आडवंही होता येईना. यानं तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि निघाला. वाटेत बोलत राहिला. ती नुसतं 'हं' म्हणायची. पेट्रोल पंपापर्यंत 'हं' येत होतं. मग थांबलं. त्याला वाटलं, डोळा लागला.

कालव्याचा पूल आला. आणि दिवा लागला.

बल्ब नव्हता तिथं. तरी लागला. पिवळा. लुकलुकायला लागला.

थांबू नये, हे तुम्हाला इथं बसून कळतंय. मलाही कळतं. मी त्याला विचारलं, अरे, का थांबलास? तो म्हणाला, "दिवा लागला. थांबलो." बस, एवढंच.

पुलापलीकडे गाडी उभी केली. बॉनेट उघडलं. काळोख. घाईत टॉर्च घरीच राहिलेली, मोबाइलही. तो चाचपडत वाकला... आणि त्याच्या खांद्यावरून उजेड आला.

ती उतरून आली असणार. घरी काहीही दुरुस्त करायचं असलं की टॉर्च तीच धरायची. आणि नेमकी भलतीकडे. त्यावरून बावीस वर्षं यांची भांडणं.

"जरा डावीकडे धर," तो म्हणाला.

उजेड डावीकडे आला. बरोब्बर हवा तिथं.

तेल ठीक. पाणी ठीक. पंख्याचा पट्टा ठीक. तो सांगेल तिकडे उजेड. मागून आवाज नाही. धापेचाही नाही. त्याला तेव्हा बरं वाटलं... धाप थांबली म्हणून.

"काही नाही गं. चल, बस आत."

उजेड गेला.

तो वळला. कुणी नव्हतं. काचेतून पाहिलं. ती सीटवर होती. पट्टा तसाच. डोकं काचेला टेकलेलं.

...

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, जाऊन अर्धा तास तरी झाला असेल. गाडी थांबली होती दहा मिनिटं, पुलापासून हॉस्पिटल आणखी दहा. यानं मनात हिशोब केला. पुलाच्या आधीच. डॉक्टरांना म्हणाला, "बरं." सांगितलं तिथं सह्या केल्या. एकटा गाडी चालवत घरी आला. दिवा लागला नाही. तो रडलाही नाही. चौथ्या दिवशी कामावर गेला. मला त्याचीच भीती वाटायची, भुताची नाही.

महिन्यानं गाडी विकायची म्हणून गॅरेजला नेली. मी सोबत होतो. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडलं आणि थबकला.

आतल्या कडेवर धूळ बसलेली. त्या धुळीत एक हात उमटलेला. उजेड धरताना आपण दुसरा हात टेकवून वाकतो, तसा. पाचही बोटं. लहान.

"बल्ब काढला त्या दिवशी मी बॉनेटखालचंही सगळं पुसून दिलं होतं," गॅरेजवाला म्हणाला. "त्यानंतर कुणी उघडलं?"

"मीच. एकदा."

गॅरेजवाल्यानं फडकं उचललं. लिफ्टवाल्यानं त्याचं मनगट धरलं.

मग आपला पंजा त्या हातावर नेला. मोठा होता, मावत नव्हता. टेकवला नाही. बोटभर वर धरला... आणि तसाच उभा राहिला.